भांडण एक, प्रश्न दोन: बावीस महिन्यांच्या कर्णबधिर मुलाचं इम्प्लांट

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या एका मराठी घरातल्या आईने विचारलं आहे: मुलगा २२ महिन्यांचा. बेरा ह्या ऐकण्याच्या तपासणीत दोन्ही कानांना ९० डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही. चार महिने दोन्ही कानांना श्रवणयंत्राची मशीन लावली, तरी आवाजाकडे वळत नाही. सर्जन म्हणतात कॉक्लियर इम्प्लांट करा, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात ऐकण्याचं विजेचं यंत्र बसवा. मुलाचे बाबा आणि आजोबा तयार आहेत. आजी म्हणते डोक्याला कापू देणार नाही, पोरगा उशिरा का होईना आपोआप बोलेल. आईचा सख्खा भाऊ जन्मापासून कर्णबधिर, त्याची बायकोही. दोघं खुणांच्या भाषेत बोलतात. त्याचं म्हणणं, माझ्यात असं काय कमी आहे म्हणून भाच्याचं डोकं फोडताय? त्यात थेरपीच्या मॅडमनी सांगितलं, घरात खुणा बंद करा, नाहीतर मूल बोलणार नाही. दोन महिने झाले, मामा घरी येत नाही. मी कोणाचं ऐकू?

ताई, घरात भांडण एक दिसत असलं तरी प्रश्न दोन आहेत, आणि एकमेकांत गुंतल्यामुळे दोन्ही अडून बसलेत. पहिला प्रश्न, ह्या मुलाला भाषा कधी मिळणार. दुसरा, त्याच्या कानात इलेक्ट्रोड बसवायचे का. दुसऱ्याला मुदत आहे. पहिल्याची मुदत उलटून चालली आहे. ह्या वयाचं ऐकणारं मूल पन्नासच्या वर शब्द बोलतं, ‘बाबा गेले’, ‘दूध नको’ असे दोन शब्द जोडायला लागतं. तुमच्या मुलाकडे आज कुठलीच भाषा नाही. उद्या सगळ्यांचं एकमत झालं तरी कागदपत्रं, लसी, ऑपरेशनची तारीख, मग मशीन चालू होणं, मग ऐकायला शिकणं; पहिले खरे शब्द यायला सहज एक ते दीड वर्ष जाईल. तोवर पोट दुखतंय की कान, हे त्याने रडून आणि हात ओढूनच सांगायचं का? हा मधला काळ भरून काढणारा माणूस तुमच्या रक्ताच्या नात्यात आहे, आणि नेमकं त्याचंच येणं थांबलं आहे.

खुणांनी बोलणं अडतं ही समजूत थेरपीच्या क्षेत्रात अजून बरीच आहे. ती कुठून आली तेही समजतं: ज्या मुलांना ऐकायलाच मिळालं नाही ती खुणांवर राहिली, आणि दोष खुणांना लागला. बोलणं अडतं ते आवाज कमी मिळाल्याने. मशीन पेटीत पडून राहिल्याने, थेरपी मध्येच सुटल्याने. दिवसातले दहा तास मशीन कानावर असेल आणि कानाशी बोललं जात असेल, तर मामाशी हातांनी मारलेल्या गप्पा त्यातलं काही काढून घेत नाहीत. भाषा एकदा डोक्यात बसली, मग ती हातांवाटे आलेली का असेना, की ‘वस्तूला नाव असतं, मागितलं की मिळतं’ हे मुलाला कळलेलं असतं. थेरपीतलं अर्धं काम तिथेच होतं.

पथ्य एकच सांभाळा. तोंडाने मराठी आणि हाताने खुणा असं एकाच वेळी करू नका. तसं केलं की खुणांमधली अर्धी वाक्यं गळतात आणि मराठी तुटक होतं. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांवरची हिंदी नव्हे. तिचं व्याकरण वेगळं आहे. ‘कुठे’, ‘कोण’ हे प्रश्नाचे शब्द तिच्यात वाक्याच्या शेवटी येतात. म्हणून वेळा वाटून घ्या. थेरपीचा तास आणि तुमचा सकाळचा वेळ कानाचा. मामा-मामी आले की तो वेळ हातांचा, आणि तेव्हा तुम्हीही हातच वापरा. आठवड्यातून तीन वेळा दोन-दोन तास त्यांनी दिले तरी पुष्कळ झालं. बाकी दिवशी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश यूट्यूबवर फुकट आहे. २०२१ मध्ये त्यातल्या शब्दांची संख्या १०,००० झाली. रोज पाच खुणा घरातल्या प्रत्येकाने शिकायच्या, आजोबांनीसुद्धा.

इंदूरकरांना ह्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागू नये. लहानपणी पाकिस्तानात पोचलेली आणि २०१५ साली तिथून परतलेली कर्णबधिर गीता ह्याच शहरात राहिली. आपलं गाव, आपलं घर तिला नावानिशी सांगता येत नव्हतं, आणि शोधात वर्षं गेली. लहानपणी धड भाषा न मिळण्याची किंमत ही अशी असते.

आता एकेकाचं म्हणणं घेऊ. आधी आजींचं, कारण त्या निव्वळ हट्ट करत नाहीयेत, त्यांनी बघितलेलं आहे. ‘थाळी वाजवली की वळतो’ असं त्या म्हणत असतील, आणि मूल वळतही असेल. पण थाळीची सावली पडते, हवा हलते, पलंग किंवा फरशी थरथरते, समोर बसलेल्या आईची नजर वळते. मूल ह्यातलं काहीही टिपतं, आणि कर्णबधिर मुलं ते जास्तच चटकन टिपतात. ‘ह्याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले’ हे खरं असेल, पण त्या बाबांना ऐकू येत होतं. आजींना पुढच्या तपासणीला बरोबर न्या. साउंडप्रूफ खोलीत काचेपलीकडून त्यांना स्वतः बघू द्या, की ९० डेसिबलला, म्हणजे मिक्सर कानाशी चालू असल्यासारख्या आवाजालाही, मूल खेळण्यातून डोकं वर काढत नाही. दहा वेळा समजावून जे होत नाही ते अशा अर्ध्या तासात होतं.

त्यांना ऑपरेशनची भीती आहे, तर ऑपरेशन नेमकं काय असतं ते त्यांना सांगा. मेंदूला हात लागत नाही. कानामागे छेद घेतात, कानामागचं हाड थोडं कोरून आतल्या कानापर्यंत वाट करतात, शंखाच्या आकाराच्या कॉक्लियात इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवतात आणि त्याचा चपटा भाग कातडीखाली बसवतात. पूर्ण भूल, दोन ते तीन तास, एक-दोन दिवस दवाखान्यात. तीन-चार आठवड्यांनी जखम भरली की बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपून आत पाठवणारं यंत्र, लावून मशीन चालू करतात. धोके आहेत, ते झाकू नका. चेहऱ्याची नस त्याच वाटेवरून जाते, म्हणून नस-मॉनिटर लावणार का हे सर्जनला विचारा. नसेला कायमची इजा दुर्मीळ आहे. काही दिवस तोल जाणं, चव बदलणं, जखमेत जंतुसंसर्ग होणं हे घडू शकतं. आतला भाग वर्षानुवर्षं चालावा असाच बनवतात, पण काही मुलांत तो बंद पडतो आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. त्या कानात जे थोडंफार नैसर्गिक ऐकू येत होतं ते बहुधा जातं. मेंदूज्वराचा धोका थोडा वाढतो. त्यासाठी लसीकरणाच्या कार्डावर न्यूमोकोकलचे तीनही डोस, म्हणजे दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांचा, झालेत का ते आजच बघा. दुसरी, २३ प्रकारांची न्यूमोकोकल लस दोन वर्षं पूर्ण झाल्यावर आणि आधीच्या डोसनंतर आठ आठवड्यांनी देतात. ऑपरेशनच्या आधी निदान दोन आठवडे लसी झालेल्या असाव्यात.

सर्जनने ‘योग्य’ म्हटलं म्हणजे सगळं बघून झालं असं धरू नका. मुलाचा मामा कर्णबधिर आहे हे सर्जनच्या कागदावर लिहिलंय का? मुलगा, आणि आईचा भाऊ: ह्या जोडीत एक विशिष्ट आनुवंशिक प्रकार असू शकतो. त्यात आतल्या कानाची रचनाच वेगळी असते. सीटी स्कॅनवर ती ‘इन्कम्प्लीट पार्टिशन टाइप थ्री’ म्हणून दिसते. अशा कानात छेद घेताच मेंदूभोवतीचं पाणी जोराने बाहेर येतं, आणि तार कॉक्लियात न राहता मागे नसेच्या नळीत जाण्याची भीती असते. आधी माहीत असेल तर सर्जन वेगळा इलेक्ट्रोड निवडतो, छेद बंद करण्याची तयारी ठेवतो आणि टेबलावरच एक्स-रे काढून तार कुठे आहे ते बघतो. माहीत नसेल तर धांदल उडते. तुमच्याकडे हाच प्रकार असेल असं अजिबात नाही. कनेक्सिन २६ ह्या जनुकाचा दोष कितीतरी जास्त आढळतो, आणि त्यात नस शाबूत असल्याने इम्प्लांट सहसा चांगलं काम करतं. पण सीटीबरोबर एमआरआयही झालेला हवा, आणि त्यात ‘कॉक्लियर नर्व्ह (ऐकण्याची नस) दोन्हीकडे आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नसच नसेल तर आजचा सगळा वाद निरर्थक ठरतो. आणखी दोन तपासण्या स्वस्त आहेत आणि नेमक्या त्याच राहतात: ईसीजी, कारण जन्मजात बहिरेपणाच्या एका दुर्मीळ प्रकारात हृदयाची लय बिघडलेली असते आणि भूल जिवावर बेतू शकते, आणि डोळ्यांचा पडदा, विशेषतः मूल दीड वर्षानंतर चालायला लागलं असेल तर, कारण बहिरेपणासोबत पुढे नजरही जाणारा एक आजार आहे.

जनुकांची तपासणी जमली तर करा, आणि निकाल घरात वाचताना जपून वाचा. ‘माहेरून आलंय’ हे वाक्य अशा घरांत हमखास ऐकू येतं. कनेक्सिनसारख्या प्रकारात एक प्रत आईकडून आणि एक बाबांकडून आल्याशिवाय मूल बहिरं होत नाही. दोन्ही घराणी सारखीच भागीदार, आणि पुढच्या प्रत्येक गर्भाला चारात एक शक्यता. मामा-भाच्याचा जो प्रकार वर सांगितला त्यात मात्र प्रत एकट्या आईकडूनच येते आणि प्रत्येक मुलग्याला दोनात एक शक्यता असते. सासरी हे कसं सांगायचं ते आधी जनुकतज्ज्ञांशी ठरवा. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर घरच्या ग्रुपात टाकू नका.

बाबा आणि आजोबा तुमच्या बाजूचे वाटतात, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. ‘ऑपरेशन झालं की नॉर्मल होईल’ असं मानणारी घरंच सहाव्या महिन्यात खचतात. मशीन चालू होतं त्या दिवशी मूल ‘आई’ म्हणत नाही. बहुतेक मुलं दचकतात, रडतात किंवा काहीच करत नाहीत. त्या दिवसापासून त्याचं ऐकण्याचं वय शून्य. अडीच वर्षांच्या मुलाचं ऐकण्याचं वय सहा महिने असेल तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची. यंत्राची वीज मुलाला नीट जुळवली, म्हणजे नीट मॅपिंग झालं, तर २५ ते ३५ डेसिबलचे आवाज मशीनमधून पोचतात. पण गोंगाटात, लांबून, पाठमोऱ्या माणसाचं बोलणं कायम अवघडच जातं. सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या गर्दीत रात्री दहाला त्याला काही समजलं नाही तर ते मशीनचं अपयश मानू नका.

बाबांनी आज एक आकडा काढून आणावा. श्रवणयंत्राच्या आत वापराचे तास नोंदले जातात. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, संगणकाला जोडून ते दाखवतात. ‘चार महिने मशीन लावली’ म्हणजे रोजचे किती तास? सरासरी दोन-तीन तास निघाली तर ती चाचणी झालेलीच नाही. कानाचा साचा ढिला होऊन शिट्टी मारत असेल तर बदलून घ्या. ह्या वयात तो तीन ते सहा महिन्यांत लहान होतोच. मग मशीन लावून चाचणी करा. २००० आणि ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांना, मशीन लावूनही ५० डेसिबलच्या अलीकडे ऐकू येत नसेल, तर स, श, क, त हे आवाज त्याला कधीच मिळणार नाहीत, आणि तेव्हा इम्प्लांटची बाजू खरोखर भक्कम होते. आणखी एक सरळ गोष्ट: जे घर आठ तास श्रवणयंत्र टिकवू शकत नाही ते प्रोसेसरही टिकवणार नाही.

मामांचं म्हणणं मी शेवटी ठेवलं, कारण त्यात खरं बरंच आहे आणि घरात ते कोणी नीट ऐकून घेतलेलं दिसत नाही. इम्प्लांट झाल्यावरही मूल कर्णबधिरच राहणार. प्रोसेसर काढला की पूर्ण शांतता: आंघोळीला, झोपेत, पोहताना, सेल संपल्यावर, तार तुटून नवी येईपर्यंतच्या आठवड्यात. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे मिरवणुकीत, राजवाड्यावर पाण्याचे आणि रंगाचे फवारे उडतात तेव्हा मशीन घरी पेटीत ठेवावं लागतं, आणि त्या गर्दीत ‘माझा हात सोडू नकोस’ हे मुलाला हातांनीच सांगावं लागतं. ‘दुरुस्त करायचं मूल’ ह्या नजरेने भाच्याकडे बघितलं जातं हे मामांना खुपतं, आणि तेही रास्त आहे. त्यांच्या पिढीतल्या अनेकांना शाळेत खुणा करू न देता ओठ वाचायला लावलं आहे.

पण एका ठिकाणी मामांना स्पष्ट सांगावं लागेल. ‘मोठा होऊन तो स्वतः ठरवेल’ हा पर्याय मुळात शिल्लक राहत नाही. मेंदूतला ऐकण्याचा भाग आवाजाची कायम वाट बघत बसत नाही. साडेतीन वर्षांच्या आत आवाज मिळालेल्या बहुतेक मुलांत तो वयाला साजेसा घडतो. सात वर्षांनंतर पहिल्यांदा मिळाला तर फारच थोड्यांत. ज्याला कधीच भाषा ऐकू आली नाही असा अठरा वर्षांचा मुलगा इम्प्लांट करून हॉर्न ऐकू शकेल, गप्पा बहुधा नाही. म्हणजे थांबणं हाही निर्णयच आहे, आणि तो परत फिरवता येत नाही. त्यांच्या लहानपणचं खिशातलं मशीन आणि हे इम्प्लांट ह्यांची तुलनाही त्यांनी करू नये. श्रवणयंत्र आवाज मोठा करून बिघडलेल्या पेशींनाच देतं. इम्प्लांट त्या पेशींना वळसा घालून थेट नसेला विजेचे ठोके देतं.

बैठक घ्याच, पण अशी: तुम्ही, बाबा, आजी-आजोबा, मामा-मामी, ऑडिओलॉजिस्ट, आणि खुणांच्या भाषेचा बाहेरचा दुभाषा. इंदुरात दुभाषे मिळतात. तुम्ही स्वतः दुभाष्याचं काम करू नका. तुम्ही ह्या वादात एक पक्ष आहात, आणि भावाचं रागाचं वाक्य सासूबाईंपुढे मऊ करून सांगण्याचा मोह कोणालाही होईल. मामांना पहिल्यांदा बोलू द्या. सही शेवटी आई-बाबांचीच लागते हे सगळ्यांना माहीत असलेलं बरं, म्हणजे मतदान घेतल्यासारखं होत नाही. आणि ‘करायचं का’ ह्याच्या आधी ‘झाल्यावर कोण काय करणार’ हे नावांसकट कागदावर लिहा. तो कागद भरला नाही तर ऑपरेशनची तारीख घेऊ नका, असं मी सरळ म्हणेन.

त्या कागदावर काय काय येतं ते सांगतो. मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची ते ठरवणं: पहिल्या दोन-तीन महिन्यांत आठ-पंधरा दिवसांनी, मग महिन्या-तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, जन्मभर. पुण्या-मुंबईचे नातेवाईक ‘तिकडेच करा’ म्हणत असतील तर हा हिशोब आधी करा. मॅपिंग इंदुरात त्याच कंपनीच्या यंत्रासाठी होतं का? नसेल तर दर खेपेला मुंबईच्या अवंतिका एक्स्प्रेसची एक रात्र जायला, एक यायला, आणि अर्धवट झोपलेल्या मुलाचं मॅपिंग नीट होत नाही. वीज जास्त झाली की मूल पापण्या मिटतं, डोक्याला चुंबकाने चिकटणारी कॉइल ओढून फेकतं. घरी त्याला ‘हट्ट’ म्हणतात आणि खरं तर मॅप चुकलेला असतो.

थेरपी पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा, एकूण निदान दोन-तीन वर्षं. थेरपीचा तास मुलापेक्षा घरच्यांसाठी असतो. तिथे दाखवलेलं घरी दिवसभर करायचं. टीव्ही बंद, इम्प्लांटच्या बाजूला हाताच्या अंतरावर बसायचं, आधी आवाज आणि मग वस्तू दाखवायची. रोज सकाळी सहा आवाज तपासायचे: आ, ई, ऊ, म, श, स, तोंडापुढे ओठ दिसणार नाहीत असा कागद धरून. काल ‘स’ला वळणारं मूल आज वळलं नाही तर आधी सेल, मग तार, मग कॉइल, मग मायक्रोफोनची जाळी बघा. तरी जमेना तर त्याच दिवशी फोन करा, पुढच्या भेटीची वाट बघू नका.

इंदुरात एक अडचण हमखास येते: थेरपी हिंदीत, घर मराठी, शाळा इंग्रजी. मॅडम ‘पानी’ शिकवतात आणि आजी ‘पाणी’ म्हणतात, तिथे ‘ण’ ऐकायला आधीच अवघड. ‘सगळे हिंदीच बोला’ असा सल्ला मिळाला तर मोडकी हिंदी बोलणाऱ्या आजी गप्पच होतात, आणि मूल घरातल्या सगळ्यात बोलक्या माणसाला मुकतं. भाषा तीच निवडा जी त्याच्याभोवती दिवसभर सहज वाहते. तुमच्याकडे ती मराठी. मॅडमकडून आठवड्याचा कागद घ्या आणि ‘ऊपर-नीचे’चं ‘वर-खाली’ करून घरी वापरा. पाया एका भाषेचा झाला की हिंदी गल्लीत येतेच. इंदुरात ती कोणाला चुकली आहे? आणि इथे आजींचं काम ठरतं. भूभू, काव काव, अडगुलं मडगुलं, ओव्या: चढउतार, ठेका, तेच तेच परत, थेरपीच्या पुस्तकात हेच असतं. विरोध करणाऱ्या माणसाला तिच्याशिवाय होणार नाही असं काम द्या, विरोध बराच विरघळतो.

पैशाचं. मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण योजना आहे, दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे. एडिपमध्ये जन्मजात बहिऱ्या मुलांसाठी ५ वर्षांची वयोमर्यादा असते. वाट जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून जाते. समग्र आयडी (मध्य प्रदेशचा ओळख क्रमांक), मूळ निवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधीच काढून ठेवा. ऑपरेशनपेक्षा ह्या कागदांतच जास्त महिने जातात. सरकारी मदतीत सहसा एकच कान होतो. मग दुसऱ्या कानाचं श्रवणयंत्र काढून ठेवू नका, दोन्ही मिळून चांगलं ऐकू येतं. पुढचा खर्च मात्र घराचा, आणि तो कोणी सांगत नाही: दोन-तीन दिवसांत संपणारे सेल किंवा चार्जिंगच्या बॅटऱ्या, मुलाने चावलेल्या तारा, कॉइल, आणि पाच-सात वर्षांनी काही लाखांचा नवा प्रोसेसर. आतल्या भागाची हमी साधारण १० वर्षं, बाहेरच्याची बरीच कमी. दोन्ही लेखी घ्या. चालू होईल त्या महिन्यापासून आजोबांनी वेगळं खातं उघडून दरमहा रक्कम टाकावी. सेलचं झाकण कुलूपवालं घ्या. गिळलेला बटणसेल अन्ननलिका जाळतो. पावसाळ्यात रोज रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, खड्यांचा रंग बदलला की खडे बदला. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर प्रोसेसर काढा, स्थिर विजेने मॅप पुसला जाऊ शकतो. कॉइलखाली कातडी लाल झाली तर चुंबक कमी ताकदीचं घ्या. पुढे कुठलंही ऑपरेशन असो किंवा एमआरआय, आधी इम्प्लांटचं कार्ड दाखवायचं.

हे सगळं बघून तुम्ही दोघांनी ‘नाही’ म्हणायचं ठरवलं, तर तोही मान्य करण्याजोगा निर्णय आहे, फक्त त्यालाही कागद लागतो. मग खुणा मामापुरत्या राहून चालत नाही. आई, बाबा, आजी, आजोबा सगळ्यांनी वर्षभरात गप्पा मारण्याइतकी सांकेतिक भाषा शिकायची, जेवताना सगळ्यांनी हात वापरायचे, आणि शाळा अशी निवडायची जिथले शिक्षक खरोखर ती भाषा बोलतात. ‘इम्प्लांट नको’ म्हणून पुढे कोणी एक खूणही शिकत नाही, आणि मूल पाच वर्षांचं झालं तरी त्याच्याकडे बोलणंही नसतं, हातही नसतात. सगळ्यात वाईट अवस्था ती.

माझं मत विचाराल तर: नस शाबूत असेल, श्रवणयंत्राची चाचणी खरी झाली असेल आणि कामांचा कागद नावांसकट भरला असेल, तर करा, आणि तिसरा वाढदिवस यायच्या आत करा. ह्या आठवड्याची कामं: मशीनच्या तासांचा आकडा, लसींचं कार्ड, एमआरआयच्या रिपोर्टमधली नसेची ओळ, सर्जनला मामांबद्दल सांगणं. आणि मामांना व्हिडिओ कॉल करून रविवारी जेवायला बोलवा. निरोप दुसऱ्या कोणाच्या हाती धाडू नका, तुम्हीच करा, हातांनी.